सफरीची नियत

आमच्या कोकणात पासपोर्ट काढतात तो दोन कामांसाठी. एक नोकरी, दुसरे हज. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या आमच्या वस्त्यांत असे घर क्वचितच सापडेल, ज्यातले कोणी आखातात नाही किंवा कधीकाळी जहाजावर नव्हते. कुवेत, दुबई, मस्कत, जेद्दा ही नावे आमच्या मुलांना खेड-चिपळूणइतकीच जवळची. पण केवळ पाहायला, फिरायला म्हणून परदेशी जाणे ही गोष्ट आमच्या बिरादरीच्या बोलण्यातच नाही. म्हणून आम्ही मलेशियाला जायचा बेत आखतो आहोत असे कळल्यावर मोहल्ल्यातला पहिला प्रश्न आला, "कुठल्या कंपनीत?" फिरायला जातो आहोत असे सांगितल्यावर लगेच दुसरा प्रश्न आला, "मग उमऱ्याला का नाही जात?"

पहिल्या प्रश्नावर हसता येते. दुसऱ्यावर हसता येत नाही, कारण तो आमच्या घरातूनही आला. तो अम्मींनी विचारला.

आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दोघांनीही बी.एड. केलेले. घरात अब्बा, अम्मी आणि सहावीतली मुलगी. ती आमच्याच शाळेत शिकते. पगार वेळेवर होतो, पण महिनाअखेरीस उरते ते फार नाही. पतपेढीचे कर्ज काढून फिरायला जायचे नाही आणि कर्जावरचा सूद डोक्यावर घेऊन पाहिलेला समुद्र गोड लागणार नाही, एवढे आम्ही आधीच ठरवले होते. शाळेतल्या शिक्षकांची भिशी आहे. तिचे पैसे आमच्या नावावर निघाले आणि त्यात दोन वर्षांची शिल्लक घातली. ही रक्कम एकाच कामाला पुरणारी होती. एक तर अम्मी-अब्बांचा उमरा, नाही तर पाच जणांची साधी सफर. दोन्ही एका वर्षात होणार नव्हते.

अम्मी-अब्बांनी २०११ साली हज केले आहे. हजबरोबर उमराही झाला. म्हणजे त्यांच्यावरचे फर्ज अदा झाले. पुन्हा जाणे हा सवाब आहे, पण जबाबदारी नाही. आमचे दोघांचे हज मात्र व्हायचे आहे, म्हणून आम्ही मसला नीट विचारून घेतला. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकचे. मौलवीसाहेबांनी समजावले की हजची ऐपत आली की हज फर्ज होते, परंतु इमाम शाफईंच्या मते पक्की नियत ठेवून ते पुढच्या वर्षांत करण्यास मुभा आहे. शिवाय ही रक्कम दोघांच्या हजला पुरणारी नव्हतीच. "हजची वेगळी बचत सुरू करा आणि मग खुशाल फिरा. अल्लाहची जमीन पाहणे हा गुन्हा नाही," असे ते म्हणाले. कुराणात जमिनीवर फिरून, डोळे उघडे ठेवून पाहायला सांगितले आहे, आणि तेही एकदा नव्हे, अनेकदा. हा हुकूम आम्ही फक्त नोकरीच्या निमित्ताने पाळत आलो. वेगळी बचत आम्ही त्याच महिन्यात सुरू केली. अम्मींनी ऐकून घेतले, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे म्हणजे काय ते आमच्या घरात सर्वांना कळते.

मलेशियाच का, असेही अनेकांनी विचारले. याचे उत्तर अब्बांपाशी आहे. अब्बा खलाशी म्हणून जहाजावर चढले आणि सारंग होऊन निवृत्त झाले. अर्धे जग त्यांनी पाहिले असे लोक म्हणतात. खरे तर त्यांनी अर्ध्या जगाचे धक्के पाहिले. पोर्ट क्लांग, पेनांग, सिंगापूर ही बंदरे त्यांना तोंडपाठ. पोर्ट क्लांगचे जुने नाव पोर्ट स्वेटनहॅम. १९७२ मध्ये ते बदलले, पण त्यांच्याबरोबरची वयस्क माणसे शेवटपर्यंत स्वेटनहॅमच म्हणत. जहाज धक्क्याला लागले की माल उतरवण्याची घाई. उतरायला मिळाले तर दोन-तीन तास, तेही फाटकाबाहेरच्या दुकानापर्यंत जाऊन साबण, बॅटरी घेऊन परत यायचे. रात्री नांगरावर असताना पेनांगच्या डोंगरावरचे दिवे दिसत, एवढे ते सांगतात. त्या दिव्यांखाली काय आहे हे त्यांना आजही माहीत नाही. आमच्या लहानपणी आम्हाला वाटे, केवढे भाग्यवान! आता शिकवायला लागल्यावर कळते की मजूर म्हणून जग पार करणे वेगळे आणि माणूस म्हणून पाहणे वेगळे. अब्बांनी स्वतःहून कधी काही मागितले नाही. पण संध्याकाळी आम्ही नकाशा पसरला की ते खुर्ची ओढून जवळ येऊन बसू लागले.

आता प्रत्यक्ष बेताविषयी. आमच्यासारख्या कोणाला जायचे असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून जरा तपशिलाने लिहितो.

शाळेला सुट्टी दोनदाच, मे महिन्यात आणि दिवाळीत. मलेशियाचा पावसाळा आपल्यासारखा एका दमात चार महिने पडून मोकळा होत नाही. तिथे दोन वारे आहेत. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा वारा पूर्व किनाऱ्याला झोडपतो. केलांतान, तेरेंगानूकडची बेटे त्या दिवसांत जवळजवळ बंद असतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या पेनांग-लंकावीला सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जास्त. म्हणजे दिवाळीची सुट्टी दोन्हीकडून अडचणीची. मे महिना गरम, दमट, दुपारनंतर गडगडाट आणि तासाभराची सर. असा मे कोकणातल्या माणसाला नवा नाही. म्हणून मे ठरला. संस्थेचे ना-हरकत पत्र आणि खात्याची परवानगी यासाठी अर्ज तीन महिने आधीच दिले.

व्हिसाची काळजी सध्या नाही. भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येते. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. त्यानंतर जाणाऱ्यांनी नव्याने विचारून घ्यावे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचे एक पत्रक संगणकावर भरावे लागते. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. पंधरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच निघतो. अब्बांच्या पासपोर्टची एक वेगळीच गंमत. ते दहावी पास नाहीत, आणि मलेशिया हा नोकरीला जाण्यासाठी इमिग्रेशनची मंजुरी लागणाऱ्या देशांपैकी एक. जुन्या पासपोर्टवरच्या त्या शिक्क्यामुळे मोहल्ल्यातल्या जाणकारांनी त्यांना घाबरवून सोडले होते. पण ही अट नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे, फिरायला जाणाऱ्यांना नाही. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्यांना ती लागूच नाही. हे कळल्यावर अब्बा म्हणाले, "म्हणजे म्हातारपणी सरकारने आम्हाला शिकलेल्यात धरले."

ट्रॅव्हल एजंटांचे बेत आम्ही मागवून पाहिले. बहुतेकांत लंकावी आणि गेंटिंग. गेंटिंगला डोंगरावर झुले, पाळणे आणि देशातला एकमेव कायदेशीर जुगारखाना. लंकावीला समुद्र. समुद्र तर आमच्या घरामागे आहे आणि भरतीला तो अंगणाच्या गडग्यापर्यंत येतो. मुलगीच म्हणाली, "समुद्र नको, आगगाडी हवी." म्हणून आमची वाट आम्हीच आखली. मुंबईहून सुमारे पाच तासांत क्वालालंपूर. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथून बसने दोन तासांवर मलाक्का. परत येऊन आगगाडीने सुमारे चार तासांत बटरवर्थ आणि तिथून फेरीबोटीने पेनांगचे जॉर्ज टाऊन. मलाक्का आणि जॉर्ज टाऊन ही दोन्ही शहरे २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली आहेत.

मलाक्क्याशी आपला संबंध पुस्तकातून सापडला आणि आम्हीच चकित झालो. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, मलाक्काही घेतले. ज्या तोफांनी आमचा किनारा बदलला त्यांनीच तो किनारा बदलला. त्याआधी मलाक्क्याच्या सुलतानाच्या दरबारात परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर नेमलेले असत आणि त्यांतला एक खास गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता, एवढा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा राबता. शाहबंदर हा फारसी शब्द आजही मलय भाषेत आहे. पोर्तुगीजांनी मागे ठेवलेले शब्दही दोन्हीकडे सारखेच. टेबलाला तिकडे 'मेजा' आणि कपाटाला 'अलमारी'. वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, मग ते लोक आपलेच का?" आम्ही म्हणालो, आपले नाहीत, पण परकेही नाहीत.

भाषेचा हा नाद आम्हाला फार पुढे घेऊन गेला. मलय भाषा आज रोमन लिपीत लिहितात. तिला ते 'रूमी' म्हणतात. पण शतकानुशतके ती अरबी लिपीत लिहिली जात होती. त्या लिपीचे नाव 'जावी'. मशिदींच्या आणि मदरशांच्या पाट्यांवर, केलांतानसारख्या राज्यांत रस्त्यांच्या पाट्यांवरही ती दिसते. उर्दू शिकवणाऱ्याला ती पाहताच हर्ष होतो आणि दुसऱ्या क्षणी गोंधळ. अक्षरे आपली, शब्द परके. अरबीत 'प' नाही, 'च' नाही, 'ग' नाही. उर्दूने आणि मलयने ही अडचण आपापल्या परीने सोडवली. आम्ही 'बे'खाली तीन नुक्ते देऊन 'पे' केला, त्यांनी 'फे'वर तीन नुक्ते देऊन. आम्ही 'काफ'वर जास्तीची रेघ मारून 'गाफ' केला, त्यांनी 'काफ'ला एक नुक्ता दिला. 'च' मात्र दोघांचाही एकच. मुलांना फळ्यावर ही दोन्ही अक्षरे शेजारी लिहून दाखवली तेव्हा ज्यांना उर्दूचा इमला जड जातो तीही पुढे सरकून बसली. पुढे 'दुनिया', 'जवाब', 'आदिल' हे शब्द त्यांनीच ओळखले. 'मुसिम' म्हणजे मौसम हे एका मुलीने सांगितले. तिकडे शिक्षकाला 'गुरु' म्हणतात आणि प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला 'गुरु बसार', म्हणजे मोठा गुरु. रोजाला म्हणतात 'पुआसा', जो मुळात 'उपवास' आहे. मुसलमान देशात रोजाला उपवास म्हणतात हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये काही क्षण शांतता पसरली. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाचा घोट घेत म्हटले, "भाषेला कलमा पढवावा लागत नाही."

मलाक्क्यात पाहायच्या गोष्टींत आम्ही एका शिक्षकाचे गाव म्हणूनही त्या शहराची नोंद केली आहे. मुन्शी अब्दुल्ला १७९६ साली तिथे जन्मले. अरब आणि तमिळ वंशाचे हे गृहस्थ इंग्रज अधिकाऱ्यांना आणि पाद्र्यांना मलय शिकवत, म्हणून 'मुन्शी'. त्यांनी 'हिकायत अब्दुल्ला' हे आपले आत्मचरित्र लिहिले. ते १८४९ मध्ये छापले गेले आणि आधुनिक मलय गद्याची सुरुवात तिथून मानतात. हजला गेलेले मुन्शी १८५४ मध्ये तिकडेच अल्लाहला प्यारे झाले. परक्या रक्ताचा माणूस एका भाषेचा शिक्षक होतो आणि ती भाषा त्याला आपला लेखक मानते. घरी कोकणी बोलून, वर्गात उर्दू शिकवून, मराठीत लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना यात केवढा दिलासा आहे!

तिथल्या शाळांविषयीही वाचले. मलेशियात मलय शाळांबरोबर चिनी आणि तमिळ माध्यमाच्या प्राथमिक शाळा सरकारी व्यवस्थेतच चालतात. त्या घटनेला धरून नाहीत असा दावा कोर्टात गेला होता. २०२१ मध्ये क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला. २०१९ मध्ये या शाळांतल्या चौथीच्या मुलांना जावी लिपीची ओळख करून द्यावी असा सरकारचा विचार होता. त्यावर चिनी आणि तमिळ पालकांनी मोठा विरोध केला आणि शेवटी तो धडा ऐच्छिक करावा लागला. हे वाचून आम्ही थबकलो. ज्या लिपीच्या प्रेमात आम्ही पडलो होतो ती तिथे बहुसंख्याकांची लिपी आहे आणि लहान समाजाला तिची भीती वाटते. इथे आमच्या लिपीची जागा उलटी आहे. आपण ज्या बाजूला उभे असतो त्या बाजूचेच दुःख आपल्याला दिसते. 'मुस्लिम मुल्क आहे, सगळे आपलेच' असे म्हणणाऱ्यांना आम्ही आता सांगतो की २०२० च्या जनगणनेत तिथे मुसलमान ६३.५ टक्के आहेत. बाकीचे बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू हेही त्याच देशाचे. तिथेही १३ मे १९६९ ला क्वालालंपूरमध्ये दंगल पेटली होती. सफरीला जाताना स्वप्न घेऊन जाऊ नये, डोळे घेऊन जावे.

जॉर्ज टाऊनच्या एका रस्त्याविषयी मात्र स्वप्नासारखेच वाटते. त्या एकाच रस्त्याच्या टापूत १८१८ मधले सेंट जॉर्ज चर्च, चिन्यांचे कुआन यिन देवीचे मंदिर, मारिअम्मन मंदिर आणि भारतीय मुसलमानांनी १८०१ च्या सुमारास उभारलेली कपितान केलिंग मशीद. 'केलिंग' हा शब्द 'कलिंग'वरून आला. तो आता हिणवण्यासाठी वापरला जातो म्हणून तिथल्या भारतीयांना आवडत नाही, पण मशिदीच्या नावात टिकून आहे. मशिदीच्या आसपास तमिळ मुसलमानांची खानावळ संस्कृती, 'नासी कंदार'. पूर्वी भाताची आणि सालनाची टोपली कावडीने वाहून विकत, ती कावड म्हणजे कंदार.

खाण्याच्या बाबतीत कोकणी माणसाने निश्चिंत असावे. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सोबत सुकी बारीक मासळी आणि तिखट चटणी. यालाच ते 'नासी लमाक' म्हणतात. आपल्याकडे सोडे-सुकटीवर भात खाणाऱ्याला हे नवे वाटू नये. माशाच्या आंबट सालनात ते एका फळाच्या सुकवलेल्या चकत्या घालतात. ते फळ आपल्या कोकमाच्या गोत्रातले, आणि मँगोस्टीन हे गोड फळही त्याच गोत्रातले. दुरियान मात्र फणसाचा बिघडलेला भाऊ. त्याच्या वासामुळे हॉटेलांत आणि गाड्यांत त्याला बंदी आहे. अब्बांनी ते जहाजावर एकदा खाल्ले होते आणि दोन दिवस त्यांच्या खोलीत कोणी आले नाही.

मुलीने आपली वेगळी वही केली आहे. क्वालालंपूर विषुववृत्ताच्या तीन अंश उत्तरेला. तिथे सूर्योदय सातनंतर आणि सूर्यास्त सव्वासातच्या आसपास, वर्षभर फरक फार तर अर्ध्या तासाचा. म्हणजे रमजान थंडीत येवो की उन्हाळ्यात, रोजा तेवढाच. ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, नमाजच्या वेळापत्रकातून तिला समजली. वेळापत्रकच पाहत होती म्हणून तिने दुसरीही गोष्ट शोधली. तिथे स्टेशनात, दुकानांच्या इमारतीत, पेट्रोल पंपावरही नमाजची खोली असते. तिला 'सुराऊ' म्हणतात. तीत बायकांची वेगळी जागा असते आणि बायकांना नमाजला घालायचे 'तेलेकुंग' नावाचे पांढरे वस्त्र बहुतेक ठिकाणी खुंटीला टांगलेले असते. १९०९ ची मस्जिद जामेक दोन नद्यांच्या संगमावर आहे. १९६५ ची राष्ट्रीय मशीद छत्रीसारख्या छपराची. या दोन्हींत बायका जमातीने नमाज पढतात. आणि तीही आमच्यासारखीच, शाफई तरीक्याने, फजरला कुनूत पढून.

हे तिने मोठ्याने वाचले तेव्हा अम्मी भाकऱ्या थापत होत्या. आमच्या गावच्या मशिदीत बायकांना जागा नाही. अम्मींच्या सत्तरीपर्यंतच्या आयुष्यात मशिदीत पढलेली नमाज म्हणजे २०११ च्या हजमधले ते चाळीस दिवस. त्या आधीही नाही, नंतरही नाही. उमऱ्याचा हट्ट कशासाठी होता हे आम्हाला त्या दिवशी समजले. इतकी वर्षे एका घरात राहून आम्ही त्याला फक्त सवाबाची ओढ समजत होतो. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि मुलीला विचारले, "रोज जाता येतं? पाचही वेळा? कुणी हटकत नाही?"

"नाही दादी. उलट खुंटीवर कपडे ठेवलेले असतात."

"मग माझा पासपोर्टही काढायला द्या," अम्मी म्हणाल्या. "आणि चालण्याचं फार ठेवू नका, तुमच्या अब्बांचे गुडघे दुखतात."

आता पाचही पासपोर्ट आले आहेत. बेतातून बाटू गुहांच्या २७२ पायऱ्या कमी केल्या. आम्ही खालून पाहू, मुलगी वर जाईल. पेनांगचा मुक्काम एका दिवसाने वाढवला. अब्बांची एकच अट आहे. जॉर्ज टाऊनला पोहोचलो की पहिली संध्याकाळ धक्क्यावर काढायची आणि जहाजे जमिनीवरून पाहायची. अम्मींनी ती वेळ विचारून घेतली आणि सांगितले, "मगरिब झाल्यावर. आधी मशीद."